कुंडीत घोटलेले प्रोटीन बार

मित्रांनो, कोरेगावच्या तालमीत लिंबाखाली जी दगडी कुंडी पालथी पडून आहे ना, ती मी. हल्ली मला फार बोलवत नाही. पण तुमच्या हातात ते चकचकीत कागदातले प्रोटीन बार दिसले की राहवतही नाही.

मेढ्याच्या पाथरवटाने मला घडवले. रोज मेहनत झाली की पैलवान माझ्यात बदाम, खसखस, बडीशेप घोटून थंडाई करत. लाकडी सोटा फिरून फिरून माझा तळ गुळगुळीत झाला. "कुंडी हाय तवर तालीम हाय," असे भाऊसो वस्ताद म्हणत आणि मी उगाच फुगत असे.

सत्त्याण्णव साली इथे अर्जुना नावाचा पैलवान होता. गुणी, पण भारी उतावळा. वडिलांनी त्याला बजावले होते, "औंधच्या जत्रंत कुस्ती मारलीस तर ऱ्हा तालमीत. पडलास तर गप घरी येऊन शेती बघ." त्याच सुमारास त्याचा मावसभाऊ दुबईहून प्रोटीन बारचा खोका घेऊन आला.

वस्तादांनी एक बार चाखून पाहिला. "शेतावनं दमून आलास, जेवान लांब असलं, तर एखादा बरा हाय. पोटाला आधार हुतो. पन लय ग्वाड हाय गड्या, आन् पानी मागतोय. जेवनाची जागा ह्येला दिऊ नगंस." अर्जुना तसा वागला आणि ते बार त्याला मानवलेही. खोटे कशाला बोलू?

पण पैलवानांची एक खोड असते. अंगी लागायचे ते कुंडीत घोटलेच पाहिजे आणि तांब्याने प्यायलेच पाहिजे. जत्रेच्या सकाळी वस्ताद कुस्त्यांच्या जोड्या ठरवायला आधीच औंधला गेले होते. अर्जुनाने उरलेले सगळे बार माझ्यात टाकले, दूध ओतले आणि घोटायला बसला. चिकट लगदा सोट्याला सोडेना. त्याचा जोडीदार याकूब म्हणाला, "आरं, भाकरी तरी खा."

"ह्यातच समदं आलं," अर्जुना म्हणाला. मग तो सगळा लगदा तांब्यात ओतून घटाघटा प्यायला.

संध्याकाळी परत आल्यावर याकूबने बाकीच्या पोरांना सगळे सांगितले. अर्जुनाचे पोट टम्म फुगले होते, घशाला कोरड पडली होती. पकड चांगली बसली, पण ऐन वेळी पोटात कळ आली आणि तो चीतपट झाला.

दुसऱ्या दिवशी वडील न्यायला आले. अर्जुना वस्तादांच्या पाया पडला. "वस्ताद, त्या बारनं घात केला."

"त्येला नगं दोष दिऊस," वस्ताद थकल्या आवाजात म्हणाले. "चावून खायची वस्तू तू तांब्यानं प्यालास."

मग अर्जुनाने राख घेतली आणि मला घासायला बसला. मी केव्हाच स्वच्छ झाले होते. वडील दारातून हाका मारत होते, तरी तो घासतच राहिला. मला फार वाईट वाटले.

तेव्हा मित्रांनो, प्रवासात, खेळून दमल्यावर एखादा बार खुशाल खा, वर पाणी प्या. पण घरी ताट वाढलेले असेल तर ताटावरच बसा. अर्जुना पुन्हा तालमीत आला नाही. त्याच्या हातची थंडाई सगळ्यात चांगली होत असे.