स्टुलावरची छाटणी

फेब्रुवारीत द्राक्षांची काढणी ऐन भरात असताना निफाडचा बागायतदार गाव सोडत नाही. घरात लग्न निघालं तरी तारीख पुढे ढकलायला लावतो. श्रीनिवासराव, म्हणजे घरातले अप्पा, मात्र यंदा काढणी थोरल्या शैलेंद्रच्या गळ्यात मारून सिंगापूरला लेकीकडे निघून आले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं गावाने ठरवून टाकलं, आणि गावाचं फारसं चुकलं नव्हतं.

या वेडाचं मूळ एका कॅलेंडरात होतं. जावई प्रबोध जहाजावर चीफ इंजिनीअर. फ्रान्सच्या नांत बंदरात कुणा व्यापाऱ्याने त्याला ते फुकट दिलं, त्याने सासऱ्यांना दिलं आणि तो विसरून गेला. अप्पांनी ते बागेतल्या शेडमध्ये टांगलं. वर्षं उलटली, पण फेब्रुवारीचं पान काही उलटलं नाही. त्या पानावर ल्वार नदीकाठची द्राक्षबाग होती. गुडघ्याएवढ्या वेली, आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसून छाटणी करणारा एक म्हातारा. बसून! अप्पांचा सगळा जन्म द्राक्षांच्या उंच मांडवाखाली गेला होता. मान वर, हात वर, डोळ्यांत कचरा, असे दिवसच्या दिवस. आता उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. गेल्या ऑक्टोबरच्या छाटणीला ते बांधावर खुर्ची टाकून दुसऱ्यांच्या कात्र्यांचा आवाज ऐकत बसले, आणि तो आवाज त्यांना सहन होईना. मरायच्या आधी एकदा त्या स्टुलावर बसायचं आणि एक तरी वेल आपल्या हाताने छाटायची, असं त्यांनी तिथेच ठरवलं.

लेकीने, संजीवनीने, हौसेने सगळं जमवलं. बाप-लेक दोघांचीच ल्वारकाठची सहल. प्रबोध सुट्टीवर होता, पण त्याला घराबाहेर पडायचं नावच नको होतं. रॅफल्स प्लेसमधली ट्रॅव्हल एजंट मुलगी सांगून थकली, की मे महिन्यात जा, आत्ता तिथल्या बागांमध्ये एक फूल दिसायचं नाही.

"छाटणी आत्ताच असते ना?" अप्पा म्हणाले. "मग झालं तर."

आणि निघायला चार दिवस उरले असताना वुडलँड्सच्या फ्लॅटखालच्या हॉकर सेंटरात, खाण्याच्या गाळ्यांमध्ये, अप्पा ओल्या फरशीवरून घसरले. पाय प्लास्टरमध्ये गेला. तिकिटं रद्द करते म्हटल्यावर ते लेकीवर असे कडाडले, की शेजारच्या चिनी बाईने दार उघडून बघितलं.

"तू जा. माझ्या वाटणीचं बघून ये."

ती रडत रडत गेली. मागे राहिले सासरा आणि जावई. ज्याचे पाय धुऊन ज्याला लेक दिली, तोच आता बादली घेऊन आपला पाय पुसायला बसतो, याने अप्पांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

"राहू द्या हो, जावईबापू."

"अप्पा, मी इंजिनं पुसतो. हा तर पाय आहे," प्रबोध म्हणे.

एकदा पाय पुसता पुसता तो म्हणाला, "नांतला मी कितीदा गेलो, पण क्रेन आणि पावसाखेरीज काही बघितलं नाही. गेटबाहेर जायला वेळच मिळायचा नाही." अप्पांना त्या दिवशी जावई पहिल्यांदा आपला वाटला.

संजीवनीचा फोन संध्याकाळी यायचा. पांढऱ्या दगडांची गावं, डोंगर पोखरून केलेली वाइनची तळघरं, राजवाड्यांमागच्या उघड्याबोडक्या बागा, सगळं ती भरभरून सांगायची.

"वाइन घेतलीस का?"

"दोन घोट, अप्पा. आंबट होती."

"बरं. वेली कशा आहेत?"

असं चाललं होतं. मग एका संध्याकाळी ती जरा चाचरतच बोलायला लागली.

"अप्पा, मी आज एका आजोबांच्या बागेत गेले होते. त्यांच्या सुनेला इंग्रजी येतं. एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका. इथे कुणीही स्टुलावर बसत नाही. दिवसभर वाकून छाटतात. आजोबांना तर सरळ उभंच राहता येत नाही. कॅलेंडरचं सांगितलं तर हसून हसून त्यांना ठसका लागला. म्हणाले, फोटोवाल्याने बसवलं असेल."

शेडमधलं ते पान अप्पांच्या डोळ्यांसमोर आलं. इतकी वर्षं ते रोज त्याच्याकडे बघत आले होते.

"खांदे कसे आहेत त्यांचे?" त्यांनी शेवटी विचारलं.

"झकास. हात वर करून दाखवले मला."

"मग आम्हा दोघांत मिळून एक धड माणूस होईल," अप्पा म्हणाले आणि हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्या म्हाताऱ्याला भेटावं असं त्यांना आता फार फार वाटायला लागलं.

"पण मी बसले," संजीवनी म्हणाली. "त्यांच्या स्वयंपाकघरातलं स्टूल मागून नेलं. चिखलात रुतलं, तरी बसले. एक वेल छाटली, तुमच्या वाटणीची."

"तुला कुठे येतं?"

"आजोबांनी शिकवलं. काडीवर दोन डोळे ठेवायचे, बाकीचं काढायचं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या हातात छाटणीची कात्री दिली, अप्पा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. परकरातली संजी दर ऑक्टोबरला मांडवाखाली हात पुढे करून उभी राहायची. घाव चुकला तर वर्ष जातं, तू जा, भाकरी घेऊन ये, असं म्हणून अप्पा तिला पिटाळायचे. कात्री शैलेंद्रला मिळाली, पुतण्यांना मिळाली, कालच कामाला लागलेल्या गड्यांनाही मिळाली.

अप्पांनी रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला.

"ऑक्टोबरला घरी ये," ते म्हणाले. "मी खाली स्टूल टाकून बसतो. कुठे कापायचं ते सांगतो. कात्री तू चालव. मांडव उंच आहे, पण बघू काहीतरी."



"अप्पा," ती म्हणाली, "मांडवाला माझे हात पुरतात. लग्नाच्या आदल्या दिवशी मी बागेत जाऊन बघितलं होतं."