तालिसानची रेघ

"हलली का गं रेघ?" आत येता येताच सर दुलोंनी विचारलं. भिजलेली टोपी अजून डोक्यावरच होती.

"नाही सर. सपाटच आहे," मानांग सोलिंग म्हणाली.

इलोइलो शहरातल्या आमच्या आरोग्य कार्यालयात ती सगळ्यांत थोरली, म्हणून आमची मानांग. बेटांवरच्या दवाखान्यांतल्या नोंदी आमच्या डेटाबेसमध्ये येऊन पडत. कुठल्या बेटाने किती जागा व्यापली, यावर मानांग रोज लक्ष ठेवायची; नोंदी आल्या की संगणकाच्या पडद्यावर त्या बेटाची रेघ वर चढायची. नोंदी उघडायचा अधिकार फक्त डॉक्टरांना. आम्हाला दिसायचा तो नुसता आकार. मी तिला चिडवायची, "काय मानांग, आज कुणाचं वजन वाढलं?"

"तुझं सोडून बोलू या," ती म्हणायची.

एरवी रेघ सपाट राहिली की सर खूश असत. नवी डिस्क घ्यायला नको. पण त्या आठवड्यात वादळ होऊन गेलं होतं. तालिसान बेटावरचा फोनचा मनोरा कोसळला होता, होड्या बंद होत्या, आणि तिथल्या दवाखान्यात मानांगची एकुलती एक लेक नेनिता सुईण होती. दवाखान्याच्या छपरावर उपग्रहाची तबकडी होती. ती टिकली असेल तर नोंदी येतील, एवढाच काय तो धागा. डॉक्टर तर सगळे मदतीला बाहेर पडलेले; आलेली नोंद उघडून बघणारंही कुणी नव्हतं.

दुपारी मीच आधी पाहिलं. "मानांग! हलली बघ!"

सगळं कार्यालय तिच्या टेबलाभोवती गोळा झालं. सरांनी छातीवर क्रुसाची खूण केली. मानांगने मात्र हातसुद्धा हलवला नाही.

"वीज आली असेल," ती म्हणाली. "यंत्रं आपलीआपणही काहीबाही लिहितात. तिथं माणूस असेलच असं नाही."

"अगं, पण..."

"नको रोसिंग. मला आशा लावू नकोस."

मी तिच्यासाठी आणलेल्या आल्याच्या पेजेवर साय धरली. ती पडद्याकडे बघत राहिली. आणि बघता बघता ती रेघ पायरीसारखी सरळ वर चढली.

मानांग उठली. खुर्ची मागे पडली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"चित्र आलंय," ती म्हणाली. "टाइप केलेल्या नोंदीने रेघ एवढी चढत नाही. तिथून चित्र येतं ते फक्त नव्या बाळाच्या पाऊलठशांचं. बाळंतपण झालंय तिथं."

"ठसे तिथं कोण घेतं?" सरांनी हळूच विचारलं.

"नेनिता. दुसऱ्या कुणाला ठशांचं ते मशीन चालवताच येत नाही."

"वाढू दे, वाढू दे! भरू दे माझी डिस्क!" सर ओरडले, आणि पुन्हा पुन्हा नाक पुसू लागले. आम्ही सगळेच हसत होतो, रडत होतो. मानांगने थंड पेज उभ्याउभ्याच संपवली.

दुसऱ्या दिवशी मदतीची पहिली होडी जाणार होती. मी विचारलं, "लेकीला काय पाठवतेस?"

"तिचं ती बघेल गं. त्या बाळाला काही कोरडं असेल का अंगावर घालायला?"

बाजारात निम्मी दुकानं बंदच होती. एका बाईने झबल्यांची चळत पुढे सरकवली.

"केवढं आहे बाळ?"

मानांगने दोन्ही तळवे हवेत एकमेकांपासून लांब धरले. क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग थोडे जवळ आणले.