कवडू-डोमाजीची वर्गणी

पोळा होऊन गेल्यावर दोन-चार दिवसांत, भर दुपारी, कवडू आणि डोमाजीची झोपडी पेटवली गेली. साल एक्क्याऐंशी. पेटवणारी पोरं कोण होती, हे वर्ध्याजवळच्या आंजीपलीकडच्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण पोलिसांनी नेलं ते कवडू-डोमाजीलाच. दोन पुरुष नवराबायकोसारखे एका छपराखाली राहतात, हा गुन्हा आहे, असं सरपंच महादेवराव ठाण्यात सांगून आले होते.

रुख्माबाईचा भाजीचा मळा त्या झोपडीला लागूनच होता. मागच्या वर्षी नवरा नत्थूजी टायफॉईडनं अंथरुणाला खिळला, तेव्हा तिच्या वांग्यांना आणि सांभाराला, म्हणजे कोथिंबिरीला, पाणी दिलं ते या दोघांनी. ती नवऱ्याला घेऊन तडक ठाण्यात गेली.

जमादार हसला. "बाई, तुमचे कोन लागतात हे?"

"शेजारी. अन् झोपडी जाळली त्यायले काऊन नाई आनलं?"

जमादाराचं हसू गेलं. "जमानतदार आना. सातबारा लागते. वकीलही पाहा."

बाहेर आल्यावर नत्थूजी पुटपुटला, "सातबारा माह्या नावानं हाये. लोक काय म्हनतीन?"

"लोक घरं जाळून राह्यले, अन् तुमाले लोकायचीच पडली?"

ती त्याला मागे टाकून झपाझप घराकडे निघाली.

आंजीच्या बाजारात तिनं वांग्यांच्या ढिगाशेजारी नवऱ्याचा दुपट्टा अंथरला आणि खणखणीत आवाजात सांगायला लागली, "कवडू-डोमाजीच्या वकिलासाठी वर्गणी द्या! त्यायचं घर जाळलं, अन् त्यायलेच कोंडलं!"

कांदे विकणाऱ्या कुंताबाईनं कमरेची पिशवी सोडून पैसे टाकले. "कोनाचं काई घेतलं नाई गरिबायनं," ती म्हणाली. एकानं नोट टाकली, नावं ऐकली आणि वाकून परत उचलली.

"ने बाप्पा, ने!" रुख्माबाई ओरडली. "दोघायनं खांदा देल्ला होता तुह्या बापाले, तवा नाई इटाळला तू?"

तेवढ्यात महादेवराव आले. "रुख्माबाई, लाज नाई वाटत? कोन्या पापासाठी भीक मांगता?"

"गनपतीची वर्गणी तुमी दारोदार मांगता. मी कधी नाई म्हनलं?"

"ते देवाचं काम हाये."

"अन् मानसाचं घर जाळनं कोनाचं काम व्हय?"

महादेवरावांनी दुपट्ट्याला लाथ मारली. पैसे चिखलात उडाले. आजूबाजूचे तराजू थांबले. नत्थूजी मागे पोती उतरवत होता. तो पुढे आला, खाली बसला, एकेक नाणं धोतराला पुसून गोळा करू लागला. मग दुपट्ट्याची गाठ मारून उठला.

"महादेवराव, जमानतदार मी हावो. सातबारा घेऊन ठान्यात चाललो. ज्याले बोलाचं हाये त्यानं माह्याशी बोलावं."

दोघं जामिनावर सुटले. राखेत उभं राहून कवडू म्हणाला, "आमी नागपूरले चाललो, बाई. आमच्यापायी तुमाले तरास नाई पायजे."

"जा!" रुख्माबाई कडाडली. "पन तुमाले पळवासाठी नाई भांडली मी! माह्या बांधावर जागा हाये. बांधा तिथं घर."

डोमाजी खाली बसून ढसाढसा रडला. मग चौघांनी मिळून कुडाच्या भिंती उभ्या केल्या. रस्त्यानं जाणाऱ्यांपैकी कोणी थुंकलं, कोणी थांबून हातभार लावला. गावानं रुख्माबाईची भाजी घेणं बंद केलं. ती टोपली घेऊन वर्ध्याला जाऊ लागली.

खटला रेंगाळत रेंगाळत चालला. गुन्हा पाहिला असं शपथेवर सांगायला एकही साक्षीदार आला नाही, आणि दोघं निर्दोष सुटले. कुंताबाईनं पेढे आणले. नत्थूजीनं कवडूला मिठी मारली.

रुख्माबाईनं पेढा हातातच धरला. "जाळनारायले अजून कोनी इचारलं नाई," ती म्हणाली. "झोपडी का आपोआप पेटली?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ती वकिलाकडे गेली, जाळणाऱ्यांवरची फिर्याद लिहून घ्यायला.