घट्ट झाकणाचा चहाचा डबा

मित्रांनो, मी चहाचा डबा. जुना, गोल, पत्र्याचा, अंगावरचा रंग उडालेला. आता माझ्या पोटात चहा नाही, गाडीच्या दोन चाव्या आहेत. हे कसं घडलं ते सांगतो. सांगताना थोडी फुशारकी मारली तर चालवून घ्या, म्हाताऱ्याला तेवढी सूट द्यावी.

मला घडवणारा कारागीर मोठा हट्टी होता. चहाचा वास उडता कामा नये म्हणून त्याने जाड पत्रा घेतला आणि झाकण असं चपखल बसवलं की हवेलाही आत शिरायची सोय ठेवली नाही. माझी आताची मालकीण ताई, तिच्या आईने मला दुकानातून घरी आणलं, आणि पहिल्याच दिवशी झाकण काढताना तिचं नख मोडलं. "डबा आहे की तिजोरी!" ती करवादली. मला मात्र ते कौतुकच वाटलं. पुढे ताईचं लग्न झालं आणि तिच्या सामानातून मी या घरी आलो. म्हणजे मी तिच्या माहेरचा. त्या नात्याने तिच्या नवऱ्याला मी मनातल्या मनात जावईबापू म्हणतो.

जावईबापू पुस्तकं बांधतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दाबयंत्र, खळीचं भांडं आणि पुठ्ठ्यांची चळत असते. सकाळचा चहा तेच करतात. चार दिवस त्यांनी माझ्या झाकणाशी कुस्ती केली आणि पाचव्या दिवशी प्लॅस्टिकची बरणी आणली. मी माळ्यावर गेलो. अकरा वर्षं! कोणी विचारलं नाही, कोणी पुसलं नाही. एवढा अपमान मी कधी गिळला नव्हता.

आता ताईबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट खरी तिचीच आहे. लहानपणीच्या आजारात तिचे पाय गेले. ती चाकाच्या खुर्चीत बसते, आणि ती चाकं स्वतः फिरवून फिरवून तिच्या दंडात अशी ताकद आली आहे की भल्याभल्यांनी हात टेकावेत. तिची नोकरी वजनकाटे तपासायची. दुकानोदुकानी जाते, आपली खरी वजनं काट्यावर ठेवते आणि काटा खोटा निघाला तर तिथेच सील ठोकते. "आधी तपासू, मग बोलू," हे तिचं पालुपद. दुकानदार तिला वचकून असतात आणि मानतातही.

या नोकरीसाठी तिला गाडी लागते, आणि तिची गाडी साधी नाही. पायांचं काम हाताने करता यावं म्हणून त्यात एक दांडा बसवला आहे. ओढला की वेग, ढकलला की ब्रेक. तो तिच्या हाताच्या मापाने करून घ्यायला एक वर्ष गेलं आणि सराव व्हायला आणखी सहा महिने. त्याआधी कुठे जायचं तर कोणीतरी नेईल तेव्हा, कोणीतरी आणेल तेव्हा.

एके दिवशी शेजारच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंची गाडी दारातून नाहीशी झाली. काच फुटली नाही, कुलूप तुटलं नाही, चावी घरात खुंटीला तशीच. चौकशीला आलेल्या हवालदाराने ताईला उलगडून सांगितलं. अशा गाड्यांना चावी लावावी लागत नाही. ती खिशात असली की पुरे, कारण गाडी हाक मारते आणि चावी ओ देते. मग एक चोर घराच्या भिंतीशी यंत्र घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. दोन्ही यंत्रं मिळून ती हाक आणि ती ओ इकडून तिकडे पोहोचवतात. गाडीला वाटतं, चावी आली जवळ! चोराला उंबरठाही ओलांडावा लागत नाही.

"घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात चावी ठेवा, ताई," हवालदार म्हणाले.

त्या दिवशी ताई जेवली नाही. "अहो, गाडी गेली तर विम्याचे पैसे मिळतील," ती जावईबापूंना म्हणाली, "पण मी पुन्हा दीड वर्ष घरात बसेन. ते मला नाही जमायचं."

दुसऱ्या दिवशी तिने अंगणात परीक्षाच मांडली. चावी एकेका वस्तूत घालायची, मांडीवर घ्यायची, खुर्ची गाडीच्या दाराशी न्यायची आणि दार ओढायचं. लाकडी पेटी, दार उघडलं. कापडी पिशवी, दार उघडलं. स्टीलचा जेवणाचा डबा आणला, तर दार तीनदा उघडलं नाही आणि चौथ्यांदा उघडलं.

"तीनदा तरी चाललं ना?" जावईबापू म्हणाले.

"कधी खरा, कधी खोटा, तो काटा खोटाच," ताई म्हणाली. "पुढचा आणा."

शेवटी माळ्यावरून मला काढलं. ताईने एका हिसक्यात झाकण उघडलं, चावी टाकली आणि तळव्याने दाबून बंद केलं. दार ओढलं. ढिम्म! दहा वेळा ओढलं, दहाही वेळा ढिम्म. मग तिने दुसरी, जादाची चावीही माझ्या पोटात टाकली आणि पदराने मला पुसलं. मित्रांनो, अकरा वर्षांचा राग त्या एका पुसण्यात गेला.

तेव्हापासून मी दाराजवळच्या टेबलावर बसतो. काही महिने सगळं सुरळीत चाललं. पण जावईबापू गाडी धुवायला चावी काढायचे आणि परत ठेवताना झाकण नुसतं वर टेकवायचे. मला भारी संताप यायचा. आळशी कुठला, मी मनात म्हणायचो.

एका रविवारी दुपारी तसंच झालं. जावईबापू आत घोरत होते. ताई खिडकीशी बसून अहवाल लिहीत होती. एवढ्यात बाहेर गाडीचे मिटलेले आरसे आपोआप उघडले. गाडी उघडली की ते असे उघडतात. ताईने आधी आतलं घोरणं ऐकलं, म्हणजे जावईबापू बाहेर नव्हते; मग दाराबाहेर पाठीवर पिशवी घेऊन उभा असलेला एक माणूस पाहिला, आणि दुसरा तिच्या गाडीत शिरताना दिसला.

ती ओरडली नाही. आधी खुर्ची गर्रकन वळवून माझ्याकडे आली आणि माझ्या झाकणावर अशी मूठ हाणली की मी टेबलासकट हादरलो. त्याच वेळी गाडीतल्याने इंजिनाचं बटण दाबलं. काहीच नाही! पुन्हा दाबलं. चावी कुठे आहे, असं गाडी त्यालाच विचारू लागली. मग ताईने बाजारात कमावलेला आवाज काढला, "ए! उतर खाली!" गल्लीतली दारं धडाधड उघडली. दोघेही पिशवी सावरत असे पळाले की मागे वळून पाहिलं नाही.

शाबास ताई! माझ्या झाकणाला पोचा आला, पण त्याचं काय एवढं.

जावईबापू डोळे चोळत आले आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "घाईत राहिलं गं," ते पुटपुटले.

ताईने झाकण उघडून मला त्यांच्या हातात दिलं. "लावून दाखवा."

त्यांनी दाबलं. अंगठे थरथरले. पुन्हा दाबलं आणि ओठ चावला. झाकण बसलं नाही.

"कधीपासून?" ताईने विचारलं.

"वर्ष झालं. पुस्तक शिवताना दोरा ओढला तरी कळ येते."

"आणि बोलला नाहीत?"

"तू सगळं या दोन हातांवर निभावतेस. माझ्या हातांचं रडगाणं तुझ्यापुढे कुठल्या तोंडाने गाऊ?"

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी या माणसाला आळशी म्हणत होतो!

ताई बराच वेळ त्यांचे अंगठे चोळत राहिली. मग म्हणाली, "अहो, काटा बिघडला तर मी दुकानदारावर रागावत नाही. बिघडलेला लपवला तर रागावते."

सोमवारी तिने रजा टाकली आणि त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. तीच गाडी, चालवायला ताई, आणि शेजारी हात मांडीवर ठेवून जावईबापू. आता ते चाव्या तिच्या हातात देतात आणि झाकण ती लावते.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी चावी असेल तर ती घट्ट डब्यात ठेवा. जादाची चावी विसरू नका. डब्यावर भरवसा ठेवण्याआधी गाडीपाशी जाऊन दार ओढून पाहा. आणि जो माणूस रोज ते झाकण लावतो, त्याच्याजवळ बसून एकदा विचारा, "तुमचे हात दुखत नाहीत ना?"