मोठ्याने वाचलेला आकडा

मी एक जुना वजनकाटा आहे आणि मला माझ्या खरेपणाची आता लाज वाटते. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, काट्याला कसली आली लाज? सांगतो.

कारखान्यात मला घडवलं, तेव्हा माझ्यावर नाना वजनं ठेवून पारख झाली. मी जराही चुकलो नाही, म्हणून माझी निवड एका मोठ्या कामासाठी झाली. एकाच वर्षी जन्मलेल्या मुलांना मोठी होईपर्यंत दरवर्षी तपासायचं आणि लहानपणीच्या कोणत्या गोष्टींमुळे माणूस पुढे निरोगी राहतो ते शोधायचं, असं ते काम. डॉक्टरीणबाई सारख्या सांगायच्या, "एक घर जरी गळालं, तरी आपलं उत्तर तेवढं कच्चं राहतं." मी ऐकून फुगून जायचो.

तपासणीच्या खोलीत एका कोपऱ्यात मी आणि समोरच्या कोपऱ्यात लिहिणाऱ्या काकांचं टेबल. मधल्या बाकावर आया मुलांना घेऊन बसायच्या. मोजणारी ताई वाकून आकडा बघायची आणि तिथूनच काकांना ओरडून सांगायची. काकांना ऐकू जरा कमी, त्यामुळे बाहेरच्या रस्त्यालाही सगळ्यांची वजनं पाठ! गुटगुटीत मुलांच्या आयांना मजा वाटायची. मलाही वाटायची. कौतुक कोणाला नको असतं?

त्या मुलांत एक मुलगी होती. माझ्यावर उभी राहिली की ती गोल फिरायचीच, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. एका वर्षी मात्र ती गप्प उभी राहिली. माझा काटा मागच्या खेपेपेक्षा खालीच थांबला. ताईने आकडा सांगितला.

"किती?" काकांनी विचारलं.

ताई आणखी मोठ्याने ओरडली आणि वर म्हणाली, "उतरलंय हो हिचं!"

बाकावरची एक बाई शेजारणीला म्हणाली, "आई कामाला जाते ना. पोरीकडे बघणार कोण?" भिंगरीच्या आईने ते ऐकलं. मुलीच्या पायात चपला घालून ती खाली मान घालून निघून गेली.

पुढच्या वर्षी त्या दोघी आल्या नाहीत. ताईने फोन केले, ते कोणी उचलले नाहीत. काका म्हणाले, "लोकांना कदरच नाही." मला मात्र ते आतून खात राहिलं. आकडा माझा होता. तो खरा होता, पण त्याने एका आईला चारचौघांत मान खाली घालायला लावली होती.

शेवटी ताईने मला पिशवीत घातलं आणि जिने चढून त्यांचं घर गाठलं. आईने दार अर्धंच उघडलं.

"आता काय इथे दवंडी पिटायला आलात?"

ताईचा आवाज कुठल्या कुठे गेला. "चुकलं माझं," ती म्हणाली.

"तापातून उठली होती हो ती. कुणी विचारलं का मला? मी कामावर जाते म्हणून पोर वाळली, असं मलाच वाटत राहिलं. अजून वाटतं."

"विचारायला हवं होतं. आता विचारते. बसू का जरा?"

आई बाजूला झाली. दोघी बोलत बसल्या. तेवढ्यात भिंगरीने मला पिशवीतून ओढून काढलं, वर चढली आणि गोल फिरली. ती थांबल्यावर ताई वाकली नाही. "तुम्हीच बघा," ती म्हणाली. आईने आकडा पाहिला. तो चांगला वाढला होता. तिचे डोळे भरून आले.

"येऊ आम्ही," ती म्हणाली. "पण ओरडायचं नाही."

आता काकांचं टेबल मला अगदी लागून आहे. आकडा आधी आईला दाखवतात आणि घरी सगळं ठीक आहे ना, हेही विचारतात. भिंगरी दरवर्षी येते. पण मित्रांनो, तिच्याआधीही काही आया यायच्या थांबल्या होत्या. त्यांची घरं बदलली, फोन बदलले. त्यांची मुलं कशी आहेत, मला माहीत नाही. तुमच्याकडे नेहमी येणारं कोणी अचानक येईनासं झालं, तर त्याला नावं ठेवण्याआधी त्याच्या दारात जा. त्या आया कधी भांडल्या नाहीत. त्या मुकाट्याने निघून गेल्या आणि आम्ही पुढच्या मुलाचं वजन ओरडून सांगितलं.