पोटातली आग

मित्रांनो, त्या सकाळीही जनकाबाईंनी उपाशीपोटी, चहाबरोबर कमरदुखीची गोळी घेतली आणि लेकीला घेऊन त्या वडनेर भोलजीच्या शिवारात कापूस वेचायला गेल्या. बीटी कपाशीची बोंडे एकदमच फुटली होती. दहाच्या सुमारास त्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, टेकल्या.

"समते, पोटात आग पडली वं."

"मंग खाय न माय! भाकर काय पाखराईसाठी बांधली?" समता हसली. "तुही भूक तं बैलाले लाजवते."

"हाव, बैलावानी राबते तं भूकही तशीच लागन!"

मी ऐकत होते. मी त्यांच्या जठराचे आतले अस्तर, एकोणसाठ वर्षांचे. जुने म्हणावे, तर दर चार-पाच दिवसांनी माझ्या वरच्या पेशी नव्या होत. आम्लापासून चिकट थर मला जपत असे. कुठे खरचटले, तर कडेच्या पेशी सरकत येऊन काही तासांत जागा झाकून टाकत. मलाच त्याचे नवल वाटे.

पण त्यांच्या लहानपणीच एक पिळाच्या आकाराचा जंतू त्या चिकट थरात शिरला. रक्तातून पांढऱ्या पेशी धावून आल्या. जंतू हटला नाही. मग त्याही माझ्यात वस्ती करून राहिल्या. त्यांच्या लढाईत मीही पोळत राहिले. पुढे रोजच्या गोळ्यांनी चिकट थर पातळ झाला आणि डागडुजी मागे पडली. जखम खोल गेली. भाकर पोटात पडली की आग घटकाभर निवे, म्हणून मायलेकी तिला भूकच समजल्या.

दुसऱ्या दिवशी जखमेतली रक्तवाहिनी फुटली. दवाखान्यात दुर्बिणीने तपासताना माझा तांदळाएवढा तुकडा काढला गेला. तिसऱ्या दिवशी जनकाबाई गेल्या. मी उरले, काचेच्या पट्टीवर.

महिन्याने समता आईच्या तपासणीचा अहवाल घ्यायला प्रयोगशाळेत आली. तिथल्या डॉक्टर नाजिश यांनी माझी पट्टी लावून सूक्ष्मदर्शक तिच्यापुढे सरकवला.

"हे ठिपके म्हणजे पांढऱ्या पेशी. कित्येक वर्षांपासून जमलेल्या."

"पांढऱ्या? ह्या तं जांभळ्या दिसतात."

"रंग दिलाय. त्याशिवाय दिसत नाहीत."

समताने पुन्हा भिंगाला डोळा लावला. मित्रांनो, मला बोलता येत नाही. जळजळ एवढीच माझी बोली. ती कानी आली, तर लगेच ताट वाढू नका. आधी विचारा.

समताने भिंगावरचा डोळा काढला नाही. ती माझ्याशीच बोलावे तशी म्हणाली,

"माय, ते भूक नव्हती न वं? सांग बरं, कुठं जळते?"