काथ्या खारट नव्हता

मी एक जुना काथ्या आहे. जन्माने नारळाचं सोडण, पोटापाण्याने कुंडीतली माती. मित्रांनो, तुमच्यापैकी जे एकवीस वर्षांच्या आतले असतील त्यांनी यातली झाडं सोडून द्यावीत आणि फक्त माझं नि कांताबाईंचं ऐकावं. आमच्या अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नचा कायदाच तसा आहे.

माझं बालपण कोकणातल्या एका खाडीत गेलं. बायका आम्हाला महिनोन् महिने खाऱ्या पाण्यात कुजत घालायच्या आणि मग दांडक्याने झोडपायच्या. दुपारी त्याच बायका बांधावर बसून पेज प्यायच्या आणि उरलेला घोट माझ्या ढिगावर ओतायच्या. पुढे कारखान्यात मला गोड्या पाण्याने इतकं धुतलं, की अंगात मिठाचा कण उरला नाही. मग दाबून दाबून वीट केली. अ‍ॅशबर्नला आल्यावर लहूने त्या विटेला बादलीभर पाणी पाजलं, तेव्हा मी असा काही फुगलो की चार कुंड्या भरून उरलो.

लहू डेटा सेंटरमध्ये नोकरी करतो. इथल्या नागरिकत्वाची शपथ घेतल्यावरच त्याने गांजाचं बी घरात आणलं. तेही कायद्यात बसतात तेवढी चारच झाडं, तळघरात, दिव्याखाली, चेन लावलेल्या तंबूत. माझ्यात स्वतःचं सत्त्व काही नाही. पाण्यातून येईल ते खत झाडासाठी धरून ठेवायचं, एवढंच माझं काम. दोन पिकं मी काढून दिली. "कोकोसारखं दुसरं काही नाही यार," असं लहू मित्रांना सांगायचा (कोको म्हणजे मीच), आणि मी पाण्याशिवायच फुगायचो.

तिसरं पीक कापणीला आलं. शेवटचे दहा दिवस खत बंद, निव्वळ पाणी. कुंडीतलं उरलंसुरलं खत धुऊन काढायचं, लहू त्याला फ्लश म्हणतो. गेल्या खेपेला त्याने घाई केली होती आणि त्याचा मित्र बुद्धभूषण ते ओढताना खोकून खोकून लाल झाला होता. "हे पीक आहे की मिठागर?" असं तो चारचौघांत म्हणाला. तेव्हापासून लहूची अब्रू पणाला लागली होती. त्याची बायको उपासना म्हणायची, "फ्लशने काही फरक पडत नाही, मी स्टडी वाचलाय." लहू ऐकेल तर शपथ.

तो रोज संध्याकाळी पाणी ओतायचा आणि ताटलीत उतरलेल्या पाण्यात मीटर बुडवायचा. पाण्यात क्षार जितके कमी तितका आकडा खाली. पहिले दोन दिवस आकडा उतरला. तिसऱ्या दिवशी थांबला आणि मग चक्क चढायला लागला. वर माझ्या अंगाला आंबूस वास येऊ लागला.

"कोको सडलाय," लहू म्हणाला. "जुनाच वापरला, माझीच मिस्टेक. शनिवारी सगळं कापतो आणि हा गार्बेजमध्ये."

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. कारण खरं काय ते मला पहिल्याच घोटाला कळलं होतं. पेज! मीठ घातलेली पेज!

लहूची आई, कांताबाई, चिपळूणहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स. कपडे धुवायला तळघरात उतरल्या आणि तंबूत डोकावल्या, तर पानं पिवळी पडलेली. खत बंद झालं की ती पडतातच. पण कांताबाईंना ती आजारी वाटली. दुसऱ्या दिवसापासून मुलगा-सून कामाला गेले की कांताबाई तांब्या घेऊन यायच्या, "घे बाळा, तरतरी येईल" म्हणत कुंडीकुंडीत एकेक वाटी ओतायच्या. आता खोटं कशाला बोलू? खाडीवरची तीच चव होती. मला बोलता आलं असतं तरी मी तक्रार केली असती की नाही, कोण जाणे.

शनिवारी लहू कात्री आणि काळ्या पिशव्या घेऊन आला. त्याने पहिली कुंडी पुढे ओढली, तेवढ्यात कांताबाई जिना उतरल्या.

"अरे, कापतोस काय? आत्ता कुठे बरी होतायत."

"आई, हातात काय आहे?"

"पेज. आठवडा झाला पाजतेय. तुम्ही नुसत्या पाण्यावर ठेवलंय बिचाऱ्यांना."

लहू पायरीवर बसला. "पेज? मीठ घालून?"

"मग आजाऱ्याला अळणी पाजू?"

उपासना धावत खाली आली आणि हसून हसून वॉशिंग मशीनला टेकली. लहूने कपाळावर हात मारला. "अगं आई, ही आजारी नाहीत! हार्वेस्टच्या आधी प्लेन वॉटरच द्यायचं असतं."

"कसली झाडं आहेत ते कळत नाही होय मला? इथे चालतं म्हणून गप्प बसले. पण जायच्या वेळी कुणाला उपाशी ठेवत नाहीत, लहू. तुझ्या बाबांनाही शेवटपर्यंत मी चमच्याने पेजच पाजली."

लहूने कात्री खाली ठेवली.

पुढचे आठ दिवस आईने तांब्याने साधं पाणी घातलं आणि लहूने मीटर धरला. आकडा एकदाचा तळाला आला तेव्हा कांताबाई म्हणाल्या, "ताप उतरला." बुद्धभूषण या खेपेला एकदाही खोकला नाही. "काय घातलंस रे?" त्याने विचारलं. "पेज," लहू म्हणाला. त्याला ती थट्टा वाटली.

मी कचऱ्यात गेलो नाही. मला धुऊन, उन्हात वाळवून माझ्यात लाल माठ पेरलाय. कांताबाई चिपळूणला परतल्या. काल लहूने स्वतः पेज केली, मीठ कमी वाटलं म्हणून आणखी घातलं आणि तांब्या घेऊन जिना उतरला. क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग हसला आणि तांब्या आपल्याच तोंडाला लावला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणी खारट लागला तर त्याला फेकण्याआधी धुऊन बघा. मीठ त्याचं नसतं, कुणीतरी मायेनं पाजलेलं असतं.